जिवाणूंना मारणारे विषाणू आणि आपल्या पांढऱ्या पेशी : पाहुणे की चोर?

वाघूरकाठ (धागाकर्ता)

नमस्कार. मी जळगाव जिल्ह्यातील एका महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो. धाग्याचे निमित्त मात्र घरचे आहे. यावल तालुक्यात राहणारे माझे मामा बऱ्याच वर्षांपासून मधुमेही आहेत. श्रावणात केळीच्या बागेत काम करताना त्यांच्या तळपायात काहीतरी रुतले आणि पायाची संवेदना कमी झालेली असल्यामुळे दोन दिवस त्यांना ते कळलेच नाही. जखम चिघळली. एकदा मी स्वतः पट्टी सोडली, तेव्हा गॉजच्या आतल्या थरावर हिरवट-निळसर डाग होता आणि पिकलेल्या द्राक्षांसारखा गोडसर वास येत होता. माझ्या विषयातल्या माणसाला एवढ्यावरून स्युडोमोनास एरुजिनोसा हे नाव सुचते, आणि पुढे आलेल्या कल्चरच्या अहवालात तेच नाव होते. सोबत, कोणकोणती प्रतिजैविके या जिवाणूवर चालणार नाहीत याचीही यादी होती आणि ती लांबलचक होती.

त्याच सुमारास मामेभावाने मोबाइलवर एक चित्रफीत दाखवली. तिच्यात ‘जिवाणू खाणारे चांगले विषाणू’ दाखवले होते. मामांनी ती शांतपणे पाहिली आणि विचारले, “भाचेबुवा, हे विषाणू रक्तात सोडले तर आपल्या पांढऱ्या पेशी त्यांना पाहुणे समजतील की चोर?”

मी वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो आहे की बॅक्टेरिओफेज, म्हणजेच फेज, माणसाच्या पेशींना बाधत नाहीत. ते खरे आहे. फेजला चिकटण्यासाठी जिवाणूच्या पृष्ठभागावरील ठरावीक रेणू लागतात आणि ते आपल्या पेशींवर नसतात. समजा एखादा फेज आत गेलाच, तरी त्याच्या जनुकांवरील ‘येथून वाचा’ या खुणा जिवाणूच्या यंत्रणेसाठी लिहिलेल्या असतात, आपल्या पेशीला त्या सहसा उमगत नाहीत. पण मामांचा प्रश्न ‘बाधतात का’ असा नव्हता, ‘ओळखतात का’ असा होता. बाधणे आणि ओळखले जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आमची पाठ्यपुस्तके पहिली सांगून थांबतात. परागकणही आपल्या पेशींना बाधत नाहीत, तरी शिंकून शिंकून जीव जातो.

प्रथम आकारमान पाहू. टी-४ हा प्रसिद्ध फेज डोक्यापासून शेपटीपर्यंत सुमारे २०० नॅनोमीटर लांब असतो. रक्तातील न्यूट्रोफिल ही पांढरी पेशी त्याच्या पन्नास-साठ पट रुंद असते. आपल्या आतड्यात अब्जावधी जिवाणू आहेत, म्हणून त्यांच्यावर जगणारे फेजही तितकेच विपुल आहेत. जेरेमी बार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवले की आतड्याच्या बुळबुळीत श्लेष्म थरात फेज आजूबाजूच्या भागापेक्षा दाट वस्ती करतात. टी-४ च्या डोक्यावर हॉक नावाचे प्रथिन असते आणि त्याच्या काही भागांची घडी आपल्या प्रतिपिंडांमधील घडीसारखी असते. त्या घडीच्या जोरावर तो श्लेष्मातील साखरसाखळ्यांना चिकटून राहतो आणि आतड्याच्या भिंतीकडे निघालेल्या जिवाणूला वाटेतच गाठतो. म्हणजे आपल्याच अंगणात राखण्या बसलेला असतो आणि त्याला आपण नेमलेले नसते.

पण श्लेष्माच्या पलीकडे पेशींची भिंत आहे आणि तिच्या पलीकडे रक्त, लसीका आणि रोगप्रतिकारक पेशींची गर्दी आहे. ती भिंत फेज ओलांडतात का? ओलांडल्यावर काय होते? मला जे माहीत आहे ते मी पुढील प्रतिसादांत लिहितो. येथे वैद्यकीय व्यवसायातील मंडळी आहेत, त्यांनीही लिहावे.

रावेरची लेक

दादा, विषय फार चांगला काढलात. मामांना लवकर आराम पडो. मला प्राथमिक शंका आहे. ‘बॅक्टेरिओफेज’ आणि आपल्या शरीरातील ‘मॅक्रोफेज’ या दोन्ही शब्दांत ‘फेज’ आहे. ते एकमेकांचे नातेवाईक आहेत का? बारावीला असताना आमचा यात नेहमी गोंधळ होत असे.

वाघूरकाठ

ताई, नाते फक्त शब्दाचे आहे. ‘खाणे’ या अर्थाच्या ग्रीक धातूवरून दोन्ही नावे पडली. मॅक्रोफेज ही आपली मोठी भक्षक पेशी खरोखर खाते. समोरच्या कणाला वेढते, आत ओढते आणि पचवते. बॅक्टेरिओफेज मात्र काहीच खात नाही. तो जिवाणूत आपला डीएनए सोडतो, जिवाणूकडूनच आपल्या प्रती बनवून घेतो आणि शेवटी जिवाणू फोडून त्या बाहेर पडतात. प्रयोगशाळेत जिवाणूंनी गढूळ झालेल्या थाळीवर फेज टाकला, तर दुसऱ्या दिवशी लुगड्याला कसर लागावी तशी जागोजागी पारदर्शक छिद्रे दिसतात. नाव देणाऱ्यांना ते खाल्ल्यासारखे वाटले. या धाग्यापुरते मी ‘फेज’ म्हणजे विषाणू आणि ‘भक्षक पेशी’ म्हणजे मॅक्रोफेज असे लिहीन.

जुनी पाने (अमळनेर)

इतिहासाच्या अंगाने थोडी भर घालतो, कारण हा प्रश्न फेजच्या जन्मापासूनच त्यांच्यासोबत आहे.

१८९६ मध्ये अर्नेस्ट हँकिन या आपल्याकडे काम करणाऱ्या इंग्रज शास्त्रज्ञाने गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू मरतात असे फ्रेंच नियतकालिकात लिहिले. पाणी उकळले की तो गुण जातो असेही त्याला आढळले. त्याचा समज असा होता की पाण्यात एखादे उडून जाणारे द्रव्य असावे. पुढच्या पिढीने त्या निरीक्षणात फेज पाहिले, पण ते फेजच होते असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. त्यानंतर १९१५ मध्ये इंग्लंडमध्ये फ्रेडरिक ट्वॉर्ट आणि १९१७ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत फेलिक्स दरेल यांनी स्वतंत्रपणे फेजचे वर्णन केले.

आपल्या विषयाशी थेट संबंध आहे तो दरेल यांच्या आग्रहाचा. आमांशाचा रोगी बरा होऊ लागला की त्याच्या विष्ठेत फेज वाढतात हे त्यांनी पाहिले आणि निष्कर्ष काढला की रोगमुक्तीचा खरा कर्ता फेजच होय. बेल्जियमचे ज्यूल बोर्दे यांना प्रतिकारशक्तीवरील कामासाठी १९१९ चे नोबेल मिळाले होते. त्यांना हे मान्य होणे शक्यच नव्हते आणि दोघांमध्ये वर्षानुवर्षे वाद चालला. दरेल यांनी १९२७ मध्ये पंजाबात पटकीच्या रोग्यांवर फेजचे प्रयोगही केले. एकीकडे ‘फेज हीच प्रतिकारशक्ती’ आणि दुसरीकडे ‘प्रतिकारशक्ती म्हणजे रक्तातील द्रव्ये आणि पेशी’ असे दोन पक्ष पडले. फेज आणि पेशी एकमेकांशी काय करतात, हा मधला प्रश्न मात्र दोघांच्याही भांडणात बाजूला पडला, असे मला वाटते.

शंकेखोर चाळीसगावकर

धागाकर्त्यांनी भिंत ओलांडण्याचा विषय काढला म्हणून विचारतो. ‘माणसाच्या शरीरात रोज ३१ अब्ज फेज आतड्यातून रक्ताकडे जातात’ असे वाक्य मी ठिकठिकाणी वाचले आहे. एवढा नेमका आकडा कोणी आणि कसा मोजला? माणसाच्या पोटात बसून कोणी मोजणी केली असेल असे वाटत नाही.

वाघूरकाठ

शंका रास्त आहे. तो आकडा मोजलेला नसून हिशेबाने काढलेला आहे, आणि पुढे सांगताना लोक नेमके तेच गाळतात. बार यांच्याच गटाने २०१७ मध्ये प्रयोगशाळेत आतड्याच्या, फुप्फुसाच्या, यकृताच्या आणि इतर अवयवांच्या पेशींचे थर वाढवले, एका बाजूला फेज सोडले आणि दुसऱ्या बाजूला किती उतरतात ते पाहिले. पेशी फेजना पुटकुळीत गुंडाळून आत घेतात आणि त्यातले थोडे विरुद्ध बाजूने जिवंत बाहेर सोडतात असे आढळले. वरून खाली होणारी ही वाहतूक उलट दिशेपेक्षा बरीच जास्त होती. त्या दराला आतड्याच्या क्षेत्रफळाची आणि त्यातील फेजच्या संख्येची जोड देऊन ३१ अब्ज हा अंदाज निघाला. नजर-आणेवारीवरून तालुक्याचे उत्पन्न सांगावे तसे ते आहे. अंदाज टाकाऊ नाही, पण त्यावर सातबारा लिहिता येणार नाही.

याच गटाच्या २०२३ च्या कामात आणखी एक अनपेक्षित गोष्ट दिसली. सस्तन प्राण्यांच्या पेशींना टी-४ दिला, तेव्हा त्या पेशींनी तो घोट घेतल्यासारखा आत घेतला. आत आलेल्या परक्या डीएनएमुळे दाहाचा गजर वाजेल अशी अपेक्षा होती, पण तो वाजला नाही. उलट पेशींच्या वाढीला पूरक असे संकेत वाढलेले दिसले. लेखकांचे म्हणणे असे की पेशी त्या फेजना साधनसामग्री म्हणून वापरत असाव्यात. म्हणजे मामांच्या प्रश्नाला ‘पाहुणा’ आणि ‘चोर’ यांखेरीज ‘शिधा’ असेही एक उत्तर निघाले.

पांझराकाठ (धुळे)

मी फिजिशियन आहे. वैद्यकीय बाजूने चार गोष्टी लिहितो.

पहिली अशी की रोगप्रतिकारक यंत्रणा फेजना ओळखते याचा पुरावा नवा नाही. फाय-एक्स-१७४ नावाचा चिमुकला फेज अमेरिकेत गेली अनेक दशके एका तपासणीसाठी वापरला जातो. जन्मजात प्रतिकारक्षमता कमी असल्याचा संशय असलेल्या रुग्णाला तो शिरेतून देतात. निरोगी माणसाच्या रक्तातून तो काही दिवसांत नाहीसा होतो आणि त्याच्याविरुद्ध आधी आयजीएम प्रकारची प्रतिपिंडे दिसतात. काही आठवड्यांनी पुन्हा दिला की आयजीजी प्रकारची प्रतिपिंडे वाढायला हवीत. ज्यांच्यात प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी-पेशींचा किंवा त्यांना मदत करणाऱ्या टी-पेशींचा दोष असतो, त्यांच्यात हा क्रम कुठेतरी अडतो. प्रतिपिंडेच न बनणाऱ्या मुलांच्या रक्तात हा फेज बराच जास्त काळ रेंगाळतो. माणसाला न बाधणारा विषाणू म्हणूनच तर ही तपासणी शक्य झाली, आणि तो न बाधताही शरीर त्याची पुरती नोंद घेते हे तिच्यातूनच सिद्ध होते.

दुसरी गोष्ट साफसफाईची. प्रतिपिंडे तयार होण्याची वाटही न पाहता प्लीहा आणि यकृत यांतील भक्षक पेशी रक्तातले फेज गाळून काढतात. १९७० च्या दशकात जंतुरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांवरही हे दिसले होते. १९९६ मध्ये कार्ल मेरिल आणि सहकाऱ्यांनी यावर युक्ती केली. उंदराला फेज टोचायचे, काही तासांनी रक्तात जे उरले असतील तेच वाढवायचे आणि पुन्हा टोचायचे. अशा काही फेऱ्यांनंतर प्लीहेला चुकवणारे, जास्त वेळ रक्तात टिकणारे फेज हाती आले. त्यांच्या आवरणाच्या मुख्य प्रथिनात बदल झालेला होता. आपण बियाण्यासाठी चांगली कणसे राखून ठेवतो, तीच रीत.

तिसरी गोष्ट फेजपेक्षा फुटलेल्या जिवाणूंची आहे. स्युडोमोनाससारख्या जिवाणूंच्या बाह्य आवरणात एंडोटॉक्सिन नावाचे विषारी द्रव्य असते. फेजने एकदम मोठ्या संख्येने जिवाणू फोडले की ते मोकळे होते आणि भक्षक पेशी टीएलआर-४ या ग्राहीमार्फत (परके रेणू ओळखणाऱ्या प्रथिनामार्फत) त्यावर जोराने प्रतिक्रिया देतात. खान्देशातल्या वाचकांना एक ओळखीचे उदाहरण देतो. जिनिंगमध्ये वर्षानुवर्षे काम केलेल्या मजुरांना सुटीनंतर कामावर परतले की छाती आवळल्यासारखी होते. त्या आजारात कापसाच्या धुळीतील जिवाणूंच्या एंडोटॉक्सिनचा मोठा वाटा मानला जातो. तेथे जिवंत जंतूंचा संसर्ग नसतो, फक्त त्यांच्या भिंतीचे तुकडे असतात, तरी शरीर पेटते. म्हणून शिरेतून द्यायचे फेज आधी एंडोटॉक्सिनपासून शुद्ध करावे लागतात. नाल्याचे पाणी गाळून मिळालेला फेज आणि माणसाला टोचता येईल असा फेज यांत फार मोठे अंतर आहे.

चौथी गोष्ट धागाकर्त्यांच्या मामांसाठी. आपल्याकडे फेजचा उपचार ही नियमित, मान्यताप्राप्त पद्धत नाही. जखमेतील मृत भाग काढणे, साखर आटोक्यात आणणे, पायावरचा भार कमी करणे, पायाचा रक्तपुरवठा तपासणे आणि कल्चरप्रमाणे औषध देणे हाच आजचा मार्ग आहे. चित्रफिती पाहून कोणी वेळ घालवू नये.

रावेरची लेक

डॉक्टरसाहेब, एंडोटॉक्सिनचे उदाहरण काळजाला लागले. माझे आजोबा जिनिंगमध्ये होते आणि सोमवारी त्यांना हमखास धाप लागायची. घरात सगळे म्हणायचे की रविवारच्या आरामाने शरीर सुस्तावते.

वाघूरकाठ

आता मी ज्या कामामुळे हा धागा काढायला बसलो त्याकडे येतो. ते मामांच्या पट्टीवरील त्याच हिरव्या जिवाणूविषयी आहे.

स्युडोमोनासच्या अनेक वाणांमध्ये पीएफ नावाचे फेज असतात. आपण आतापर्यंत ज्यांच्याविषयी बोललो त्या फेजसारखे ते जिवाणूला फोडत नाहीत. ते धाग्यासारखे लांबट असतात, जिवाणूच्या जनुकसंचात घर करून राहतात आणि जिवाणू जिवंत असतानाच त्याच्या भिंतीतून एकेक करून बाहेर सरकतात. जिवाणूला त्यांचा त्रास कमी आणि उपयोग जास्त. हे धागे जिवाणूंभोवतीच्या चिकट थरात एकमेकांशेजारी रचले जातात आणि तो थर आणखी घट्ट, औषधाला दाद न देणारा होतो.

२०१९ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील पॉल बोलिकी यांच्या गटाने या पीएफचे दुसरे कसब उजेडात आणले. भक्षक पेशी हे धागे गिळतात. आत गेल्यावर पीएफच्या डीएनएवरून आरएनए तयार होतो, आणि हीच गोष्ट ‘आपल्या पेशीला फेजच्या खुणा वाचता येत नाहीत’ या माझ्या वर्गातील वाक्याला छेद देते. तो आरएनए टीएलआर-३ या ग्राहीला सापडतो. हा ग्राही मुळात विषाणूंचा आरएनए ओळखण्यासाठी आहे. त्यामुळे पेशीचा समज होतो की आपल्यावर विषाणूंचा हल्ला झाला आहे, आणि ती पहिल्या प्रकारचे इंटरफेरॉन, म्हणजे विषाणू आल्याचा इशारा देणारी प्रथिने, सोडू लागते. विषाणूविरुद्ध ते योग्यच आहे. पण त्या धांदलीत जिवाणूंविरुद्धची शस्त्रे म्यान होतात. टीएनएफ हा दाह चेतवणारा संदेश कमी होतो आणि जिवाणू गिळण्याचा वेगही घटतो. आमच्याकडे केळीच्या बागेचा राखणदार रात्री विहिरीवर केबलचोर आल्याची चाहूल लागून तिकडे धावतो आणि तेवढ्यात बांधाच्या दुसऱ्या बाजूने रानडुकरे शिरतात. फरक एवढाच की येथे विहिरीवरचा आवाज रानडुकरांनीच केलेला असतो.

उंदरांच्या जखमांत पीएफ असलेला स्युडोमोनास सहज ठाण मांडून बसला, तर पीएफ काढून टाकलेल्या वाणाला ते अवघड गेले. माणसांच्या बाबतीत त्यांनी न भरणाऱ्या जखमा असलेल्या १११ रुग्णांची पाहणी केली. त्यांपैकी ३७ जणांच्या जखमेत स्युडोमोनास होता आणि त्या ३७ पैकी २५ जणांच्या जखमेत पीएफही सापडला. पीएफ असलेल्या जखमा अधिक जुन्या होत्या. यावरून पीएफमुळेच जखम लांबली असे सिद्ध होत नाही, कारण जुन्या जखमेत असे वाण टिकून राहिले असण्याचीही शक्यता उरते. पण उंदरांवरील प्रयोगांची जोड असल्यामुळे संशय बळकट होतो. याच गटाने पीएफच्या आवरणाविरुद्ध लस करून पाहिली आणि लस दिलेल्या उंदरांमध्ये स्युडोमोनासचा संसर्ग कमी झाला. जिवाणूविरुद्ध नव्हे, तर जिवाणूच्या विषाणूविरुद्ध लस! ‘चांगले विषाणू’ हे शब्द त्या चित्रफितीत किती वेळा आले ते मी मोजले नाही, पण हे वाचल्यापासून मी ते शब्द वर्गात वापरत नाही.

सातपुडा पायथा (शहादा)

म्हणजे फेज वाईट ठरले का? एकीकडे तुम्ही राखणदार म्हणता आणि दुसरीकडे रानडुकरांचे साथीदार म्हणता. सामान्य वाचकाने काय धरावे? मला आतड्याच्या जुन्या विकाराचा त्रास आहे, म्हणून विशेषतः विचारतो.

वाघूरकाठ

भाऊ, फेज ही एक जात नव्हे. ‘पक्षी पिकाला चांगले की वाईट’ या प्रश्नाला जसे एक उत्तर नाही, तसेच येथेही आहे. कोणता फेज, कोणत्या जिवाणूत, शरीराच्या कोणत्या जागी आणि समोर कोणती पेशी, यावर सगळे ठरते.

आतड्याबाबत सांगतो. २०१५ मध्ये एका अभ्यासात क्रोन आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस या विकारांच्या रुग्णांमध्ये शेपटीवाल्या फेजचे प्रकार निरोगी माणसांपेक्षा जास्त आढळले. २०१९ मध्ये दुसऱ्या गटाने जंतुरहित उंदरांना फेज पाजले. या उंदरांच्या आतड्यात फेजना मारायला जिवाणूच नव्हते, तरी प्रतिकारक पेशी जाग्या झाल्या. फेजचा डीएनए टीएलआर-९ या ग्राहीने ओळखला आणि गॅमा इंटरफेरॉन वाढले. प्रयोगासाठी कोलायटिस घडवून आणलेल्या उंदरांमध्ये दाह आणखी वाढला. याचा अर्थ आपल्या विकाराचे कारण फेज आहेत असा मुळीच नाही. दाहामुळे जिवाणू बदलतात आणि जिवाणू बदलले की फेज बदलतात, ही उलट वाटही तितकीच शक्य आहे. आपले औषध आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच चालू ठेवावे.

दुसऱ्या टोकाचे उदाहरणही आहे. २०२० मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी दाखवले की आतड्यातील एन्टेरोकॉकस हिरे या जिवाणूत राहणाऱ्या एका फेजच्या शेपटीतील प्रथिनाचा तुकडा काही कर्कपेशींमधील तुकड्याशी मिळताजुळता आहे. त्या फेजवर शिकलेल्या टी-पेशी उंदरांमध्ये गाठीवरही तुटून पडल्या. निव्वळ योगायोगाचे साम्य, पण शरीराने त्याचा फायदा घेतला.

शंकेखोर चाळीसगावकर

मग माझा पुढचा प्रश्न. प्लीहा फेजना गाळते, प्रतिपिंडे त्यांना निष्प्रभ करतात, भक्षक पेशी त्यांना गिळतात. असे असेल तर फेजचा उपचार यशस्वी होतोच कसा? प्रतिकारशक्ती उपचाराच्या आड येते असे सरळ म्हणा.

पांझराकाठ (धुळे)

आड येते हे अर्धेच खरे आहे. दोन बाजूंची दोन उदाहरणे देतो.

इंग्लंडमधील एका १५ वर्षांच्या मुलीला सिस्टिक फायब्रोसिस, म्हणजे फुप्फुसांत घट्ट कफ साचत जाणारा जन्मजात आजार, होता. दोन्ही फुप्फुसांच्या प्रत्यारोपणानंतर मायकोबॅक्टेरियम अ‍ॅब्सेसस हा चिवट जिवाणू तिच्या शरीरभर पसरला. ग्रॅहम हॅटफुल यांच्या अमेरिकेतील प्रयोगशाळेने तिच्यासाठी तीन फेज निवडले, त्यांपैकी दोघांत जनुकीय बदल केले, आणि तिची प्रकृती लक्षणीय सुधारली. हे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रत्यारोपणामुळे तिला प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू होती. पुढे २०२१ मध्ये तेच तीन फेज ८१ वर्षांच्या एका रुग्णाला दिल्याचे प्रसिद्ध झाले. त्यांची प्रतिकारशक्ती शाबूत होती. पहिल्या महिन्यात जिवाणू सुमारे दहा पटींनी घटले, पण नंतर आयजीएम आणि आयजीजी प्रतिपिंडांनी फेज निष्प्रभ केले आणि जिवाणू पुन्हा वाढले. येथे शंकेखोरांचे म्हणणे बरोबर ठरते.

आता दुसरी बाजू. २०१७ मध्ये फ्रान्स आणि अमेरिकेतील गटांनी मिळून स्युडोमोनासचा न्यूमोनिया झालेल्या उंदरांवर फेज वापरले. निरोगी उंदीर वाचले. टी आणि बी पेशी नसलेले उंदीरही वाचले. पण ज्यांच्यात न्यूट्रोफिल नव्हते, ते फेज देऊनही वाचले नाहीत. कारण असे की फेज बहुतेक जिवाणू मारतो, पण त्या गर्दीत काही जिवाणू फेजला दाद न देणारे निघतात आणि तेच पुढे वाढतात. त्या उरलेल्यांना न्यूट्रोफिल संपवतात. एकट्या न्यूट्रोफिलना मूळची प्रचंड संख्या झेपत नाही आणि एकट्या फेजला उरलेले चिवट झेपत नाहीत. कापणी यंत्राने झाली तरी बांधाकडेची धसकटे हातानेच काढावी लागतात. मधुमेहात साखर बेताल असली की न्यूट्रोफिलची हालचाल आणि मारकशक्ती मंदावते, म्हणून उद्या फेज उपलब्ध झाले तरी साखरेचा प्रश्न तेथेच राहील.

जुनी पाने (अमळनेर)

म्हणजे शंभर वर्षांपूर्वी दरेल आणि बोर्दे भांडत होते, त्या दोघांचाही जिवाणूंवर निम्मा-निम्मा हक्क निघाला. दोघेही हे मान्य करते असे मात्र वाटत नाही.

वाघूरकाठ

डॉक्टरसाहेबांनी ज्या तीन फेजचा उल्लेख केला, त्यांतल्या एकाची जन्मकथा येथे लिहायलाच हवी. जनुकीय बदल न करता जो जसाच्या तसा वापरता आला, त्या फेजचे नाव मडी आहे. तो २०१० मध्ये दक्षिण आफ्रिकेतील डर्बन येथे विद्यार्थ्यांच्या फेज शोधण्याच्या उपक्रमात सापडला, आणि सापडला तो एका कुजलेल्या वांग्याच्या खालच्या बाजूला. ज्या वांग्याचे आपण पऱ्हाटीच्या जाळावर भरीत करतो, कळण्याच्या पुरीशी खातो आणि ज्याला २०१६ मध्ये ‘जळगावचे भरीत वांगे’ म्हणून भौगोलिक मानांकनही मिळाले, त्याच्या आफ्रिकेतील कुजक्या भावाने एका मुलीला आधार दिला.

ही हकिकत मी मामांना सांगितली. त्यांची जखम आता बरीच आवळली आहे. मृत भाग काढल्यावर आणि इन्सुलिन नियमित झाल्यावर हिरवा डाग पुन्हा दिसलेला नाही, आणि त्यात फेजचा काही संबंध नाही. त्यांच्या मूळ प्रश्नावर मी सांगितले की पांढऱ्या पेशी फेजला पाहुणा म्हणतील की चोर, हे त्याच्या पोशाखावर, तो कोणत्या दाराने आला यावर आणि त्याच्यासोबत कोण आहे यावर ठरते. मामा म्हणाले, “म्हणजे आपल्या गावासारखंच.”

काल त्यांचा फोन होता. शेजारच्या वाफ्यात सडून पडलेली चार वांगी त्यांनी सालदाराकडून मातीसकट डब्यात भरून गोठ्यामागे ठेवली आहेत आणि ती कधी नेणार असे ते विचारत होते. मामींनी वासाची तक्रार केली आहे. मी रविवारी जातो आहे. आमच्या प्रयोगशाळेत मायकोबॅक्टेरियम स्मेग्मॅटिस हा निरुपद्रवी जिवाणू वाढवलेला आहे. वांग्याचा अर्क बारीक गाळणीतून काढून त्याच्यावर टाकायचा आणि थाळीत कसर दिसते का ते पाहायचे, एवढाच बेत आहे. काही दिसले तर येथेच कळवीन.